ग्रीकमध्ये पहिल्यांदा बोलण्याआधी: शब्दावरचा आघात कसा बसवायचा

सहा महिने ॲप चालवलं, शब्द पाठ झाले, मेनूकार्ड वाचता येतं, आणि तरी पहिल्याच संभाषणात समोरचा ग्रीक माणूस भुवया उंचावून बघत राहतो. मग आपण दोष देतो त्यांच्या 'थ'ला, 'द'ला, नाहीतर घशातल्या त्या 'ख'ला. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. व्यंजनं थोडी जाडीभरडी आली तरी ग्रीक कान सांभाळून घेतो. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, भलत्या अक्षरावर पडला, तर त्याला शब्दच सापडत नाही.

याचं मूळ आपल्या मराठीत आहे. मराठीत आघात इकडचा तिकडे केला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे तिकडे लक्ष द्यायची आपल्या कानाला सवयच नसते. 'वाट' आणि 'वात' यांतला फरक आपल्याला जितका ढळढळीत वाटतो, तितकाच ग्रीक माणसाला [पो]-ते आणि पो-[ते] यांतला वाटतो. पहिला म्हणजे 'कधी?', दुसरा म्हणजे 'कधीच नाही'. "पुन्हा कधी येणार?" या प्रश्नात ही गल्लत झाली तर काय होईल, ते बघा.

लेखभर चौकटी कंसातलं अक्षर म्हणजे आघाताचं अक्षर. खालचे टप्पे रोज वीस मिनिटं दिली तर साधारण दोन आठवड्यांत होतात. क्रम मात्र बदलू नका. लोक थेट बोलण्याच्या सरावाला बसतात आणि चुकीचा आघात घोटून पक्का करतात. तो नंतर काढणं हे नवा शिकण्यापेक्षा जास्त कष्टाचं काम आहे.

तयारी

पंचवीस वाक्यं लागतील, आणि ती तुमची स्वतःची हवीत. तुमचं नाव, गाव, काम, ग्रीसमध्ये किंवा सायप्रसमध्ये कशासाठी आलात, 'मला समजलं नाही', 'जरा हळू बोला', 'केवढ्याला?', 'कुठे आहे?'. पहिलं संभाषण याच्या बाहेर फारसं जात नाही. पुस्तकातलं 'मुलगा सफरचंद खातो' इथे कामाचं नाही.

फोनमध्ये ग्रीक कीबोर्ड टाका. स्वराचं बटण दाबून धरलं की आघाताची खूण असलेला स्वर मिळतो. रोमन लिपीत टिपणं काढू नका. काही ग्रीक तरुण आपसांत रोमनमध्ये मेसेज करतात आणि खुणा सर्रास गाळतात, पण त्यांना आघात जन्मापासून ठाऊक असतो.

ऐकण्यासाठी फोर्व्हो या उच्चारांच्या संकेतस्थळावर ग्रीक लोकांनी स्वतः म्हटलेले सुटे शब्द मिळतात. विक्शनरी या ऑनलाइन कोशात उच्चाराच्या चिन्हांमध्ये आघाताच्या अक्षराआधी छोटी उभी रेघ असते. यंत्राच्या आवाजात ऐकायचं असेल तर शब्द खुणेसकट टाइप करा, नाहीतर यंत्रही अंदाजाने काहीतरी म्हणून मोकळं होतं.

टप्पा १: खूण शोधा आणि रंगवा

ग्रीक लिपीची ही मोठी कृपा आहे. दोन किंवा अधिक अक्षरांच्या प्रत्येक शब्दावर, जिथे आघात तिथल्या स्वरावर, एक छोटी तिरकी रेघ असते. तिला म्हणतात [तो]-नोस. इंग्रजीसारखं अंदाजाने चालायचं कारण नाही. तरीही बहुतेक नवशिके ती रेघ शाईचा ठिपका समजून पुढे जातात. म्हणून पंचवीस वाक्यं हाताने लिहा आणि प्रत्येक तोनोस लाल पेनाने काढा.

चार ठिकाणी डोळा फसतो.

मोठ्या अक्षरांत छापलेल्या मजकुरावर खूण नसते. रस्त्यावरच्या पाट्या, दुकानांची नावं, 'बाहेर जाण्याचा मार्ग', 'फार्मसी' हे सगळं बिनखुणेचं. पाटीवरून शब्द शिकलात तर घरी येऊन कोशात पाहा: 'बाहेर' ची पाटी [ए]-क्सो-दोस आहे आणि फार्मसी फार्-मा-[की]-ओ. फक्त पहिलंच अक्षर मोठं असेल, तर खूण त्याच्या डोक्यावर नसते, डाव्या खांद्याला असते.

दोन स्वराक्षरं मिळून एक उच्चार होत असेल तर खूण दुसऱ्या अक्षरावर येते. ती पहिल्यावर असेल तर दोन्ही स्वर सुटे उच्चारायचे. चहाला ग्रीकमध्ये [त्सा]-इ म्हणतात, घड्याळाला रो-[लो]-इ. दोन्हींत खूण जोडीतल्या पहिल्या स्वराक्षरावर आहे. (त्साइ मधला 'त्स' आपल्या 'चांगला'मधला च. इतर बऱ्याच भारतीयांना तो शिकावा लागतो, आपल्याला फुकट मिळतो.)

एका अक्षराच्या शब्दांवर खूण नसते. अपवाद लक्षात ठेवायला सोपे आहेत: 'किंवा', प्रश्नार्थक 'कुठे' आणि प्रश्नार्थक 'कसं'.

जुनं पुस्तक हाती आलं असेल तर शब्दांवर खुणांची जत्रा दिसेल. १९८२ मध्ये ग्रीसने अधिकृतपणे एकाच खुणेची पद्धत स्वीकारली. त्याआधीच्या छपाईत आघाताच्या तीन वेगवेगळ्या खुणा आहेत. आजच्या बोलण्यासाठी तिन्हींचा अर्थ एकच: आघात इथे. शब्दाच्या सुरुवातीच्या स्वरावर स्वल्पविरामासारखं जे दिसतं, त्याकडे दुर्लक्ष करा.

तपासणी: आघात शब्दाच्या शेवटच्या तीन अक्षरांपैकीच एकावर असतो. 'टेलिफोन'च्या सवयीने तुम्ही ति-ले-फो-नो मध्ये 'ति'वर जोर दिलात, तर ती जागा शेवटून चौथी झाली, म्हणजे चूक नक्की. बरोबर उच्चार ति-[ले]-फो-नो.

टप्पा २: देवनागरीत लिहायची सवय मोडा

आपल्या लोकांचे आघात मुख्यतः इथे बिघडतात, म्हणून या टप्प्यावर घाई नको.

आपण ग्रीक शब्द देवनागरीत लिहून घेतो. त्यात वाईट काही नाही. पण आपला हात मराठी शुद्धलेखनाचे नियम आपोआप पाळतो, आणि शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ हा नियम तर हाडीमाशी खिळलेला. मंगळवारचा ग्रीक शब्द आपण 'त्रिती' असा लिहितो. मग वाचताना पहिलं अक्षर आखूड, दुसरं लांब. खरा उच्चार नेमका उलटा आहे: [त्री]-ति. लिपीनेच आघात हलवला.

ग्रीकमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. आघाताचा स्वर थोडा लांब आणि ठसठशीत होतो, बाकीचे आखूड राहतात. म्हणून टिपणांसाठी हे नियम ठेवा:

१. इ आणि उ फक्त आघाताच्या अक्षरात दीर्घ लिहा. बाकी सगळीकडे ऱ्हस्व, शब्दाच्या शेवटीसुद्धा. शाळेतल्या मराठीच्या बाईंना वही दाखवू नका.

२. ग्रीक 'आ' कधीही 'अ' लिहू नका. 'छान, बरं' या अर्थाचा शब्द का-[ला] आहे. तो 'कला' लिहिलात की पहिला स्वर पुसट होतो, आणि ग्रीकमध्ये आघात नसलेला स्वरही पुसट होत नाही. तो आखूड असतो, पण स्पष्ट असतो.

३. आ, ए, ओ यांना देवनागरीत आखूड रूपच नाही. तिथे केवळ कंस वाचवतो. म्हणून प्रत्येक शब्दाला कंस हवाच, अगदी सोप्या शब्दालाही.

आता वहीतले नेहमीचे शब्द असे दिसतील: का-लि-[मे]-रा (सुप्रभात), एफ्-खा-रि-[स्तो] (आभारी आहे), पा-रा-का-[लो] (कृपया), सि-[ग्नो]-मि (माफ करा), ए-लि-नि-[का] (ग्रीक भाषा).

अक्षरं मोजताना एक खाचखळगा आहे. 'इ'च्या पुढे दुसरा स्वर आला आणि खूण त्या पुढच्या स्वरावर असली, तर रोजच्या शब्दांत 'इ'चा बहुधा 'य' होऊन अक्षर एक होतं. काम म्हणजे दु-[ल्या]. खूण 'इ'वर असली तर तो स्वतंत्र उभा राहतो: दु-[ली]-आ. हा शब्द 'गुलामगिरी' आहे. नोकरीविषयी बोलताना जपून.

टप्पा ३: आधी कान, मग तोंड

अजून बोलायचं नाही. या जोड्या फोर्व्होवर ऐका, घरातल्या कुणालातरी उलटसुलट लावायला सांगा, आणि न बघता अर्थ ओळखा:

[पो]-ते कधी, पो-[ते] कधीच नाही
[नो]-मोस कायदा, नो-[मोस] प्रशासकीय जिल्हा
[आ]-ला इतर, आ-[ला] पण
[ओ]-मोस खांदा, ओ-[मोस] कच्चा
[खो]-रोस जागा, खो-[रोस] नाच
[थे]-आ देखावा, थे-[आ] देवी
[मी]-ला सफरचंदं, मि-[ला] तो बोलतो
[त्झा]-मि खिडकीची काच, त्झा-[मी] मशीद

शेवटची जोडी माझ्या अंगावर शेकलेली आहे. अथेन्समध्ये भाड्याच्या खोलीतल्या खिडकीची काच तडकली. घरमालकीणबाईंना सांगायला गेलो आणि आघात शेवटी टाकला. बाई आधी गॅलरीत जाऊन खाली रस्त्यावर बघून आल्या. नंतर मी खिडकीकडे बोट दाखवलं तेव्हा कुठे हसल्या.

तपासणी: सोळा शब्दांपैकी चौदा ओळखता येईपर्यंत पुढे जाऊ नका. जो फरक कानाला कळत नाही तो तोंडातून येत नाही, आणि आपण चुकतोय हेही कळत नाही.

टप्पा ४: तोंडाला वळण

प्रत्येक शब्दाला एकच सम असते असं समजा. सरावाचा क्रम असा:

१. शब्द न म्हणता नुसता ना-ना ने गुणगुणा. कालिमेरा म्हणजे ना-ना-[ना]-ना. समेवर तळव्याने टेबलावर थाप.
२. आता फक्त स्वर: आ-इ-[ए]-आ.
३. मग पूर्ण शब्द, थाप चालू ठेवून.
४. शेवटी थाप काढून टाका आणि रेकॉर्ड करा.

समेचं अक्षर लांबवा, थोडा जोर द्या. सूर वर नेला नाही तरी चालेल. लोक सूर वर नेऊन आघात दाखवतात आणि मग प्रश्न विचारताना गाडी रुळावरून घसरते, कारण तिथे वाक्याचा सूर वेगळा चालतो. हो-नाहीच्या प्रश्नासाठी ग्रीकमध्ये आपल्या 'का'सारखा वेगळा शब्द लागत नाही. प्रश्न केवळ सुरातून कळतो. आघात लांबीवर बसवलेला असला की सूर कुठेही जावो, आघात जागचा हलत नाही.

शेवटच्या अक्षरावरचा आघात आपल्याला सगळ्यात जड जातो. शब्द संपताना आवाज सोडून द्यायची खोड असते ना, त्यामुळे. असे शब्द शेपटीकडून बांधा: [स्तो], रि-[स्तो], खा-रि-[स्तो], एफ्-खा-रि-[स्तो].

आकडे याच टप्प्यात उरका, कारण भाव विचारल्यावर उत्तर आकड्यातच येतं. १ ते १० मध्ये ७, ८ आणि ९ एवढेच तीन आघात शेवटी घेतात: ए-[फ्ता], ओ-[ख्तो], ए-[न्या]. २० म्हणजे [ई]-को-सि. ३० पासून ९० पर्यंतच्या सगळ्या दशकांचा आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, उदाहरणार्थ सा-[रान्]-दा (४०), पे-[नीन्]-दा (५०). १०० पुन्हा शेवटी: ए-का-[तो]. वारांत शुक्रवार पा-रा-स्के-[वी] आणि रविवार कि-रि-आ-[की] यांचा आघात शेवटी आहे, हे ध्यानात ठेवलं की भेटीची वेळ ठरवताना पंचाईत होत नाही.

इशारा: इंग्रजीतून ओळखीचे वाटणारे शब्द सर्वांत धोक्याचे. 'म्युझिक' मनात ठेवून 'मु'वर जोर जातो, पण शब्द आहे मु-सि-[की]. छायाचित्र फो-तो-ग्रा-[फी]-आ. आणि आपला देश इन्-[दी]-आ आहे. 'इंडिया'च्या चालीवर पहिल्या अक्षरावर जोर दिलात तर तुम्ही कुठून आलात इथपासूनच घोळ सुरू होतो. ठिकाणांच्या नावांचंही तसंच: [मी]-को-नोस, सान्-दो-[री]-नि, आ-[थी]-ना. गोदीवर उतरणाऱ्या आपल्या मर्चंट नेव्हीच्या मंडळींसाठी पि-रे-[आस].

टप्पा ५: सरकणारा आघात

पाठ केलेला शब्द वाक्यात गेला की त्याचं रूप बदलतं, आणि रूपाबरोबर कधी कधी आघातही. इथले सगळे नियम आत्ता नकोत. पहिल्या संभाषणाला तीन पुरतात.

'मा'ने संपणारी नपुंसकलिंगी नामं. अनेकवचनात शेवटी एक अक्षर वाढतं आणि आघात एक घर पुढे सरकतो: [प्रो]-व्लि-मा (अडचण), प्रो-[व्ली]-मा-ता (अडचणी). [मा]-थि-मा (धडा), मा-[थी]-मा-ता (धडे). शेवटून तिसरं अक्षर, एवढंच धरा.

साध्या भूतकाळातली क्रियापदं. 'मी विकत घेतो' आ-गो-[रा]-झो, 'मी विकत घेतलं' आ-[गो]-रा-सा, 'आम्ही विकत घेतलं' आ-गो-[रा]-सा-मे. इथेही शेवटून तिसरं. शब्दात तीन अक्षरं पुरत नसतील तर भाषा पुढे एक 'ए' जोडून आघाताला जागा करून देते: [ग्रा]-फो (लिहितो), [ए]-ग्रा-प्सा (लिहिलं). 'आम्ही लिहिलं' मध्ये अक्षर शेवटी वाढतं, म्हणून 'ए'ची गरज संपते: [ग्रा]-प्सा-मे.

'माझं', 'तुमचं' हे छोटे शब्द. ग्रीकमध्ये ते नामाच्या मागे चिकटतात. नामाचा आघात मुळात शेवटून तिसरा असेल, तर नामाच्या शेवटच्या अक्षरावर आणखी एक आघात येतो. नाव म्हणजे [ओ]-नो-मा, माझं नाव [ओ]-नो-[मा] मु. माझा फोन ति-[ले]-फो-[नो] मु. लिहितानाही दोन खुणा पडतात, आणि कानाला दुसरा आघात जास्त ठळक लागतो. मुळात आघात शेवटाच्या जवळ असेल तर काही बदलत नाही: [स्पी]-ति मु (माझं घर), मि-[ते]-रा मु (माझी आई).

तपासणी: तुमच्या पंचवीस वाक्यांत 'माझं' किंवा 'तुमचं' कुठे कुठे आहे ते शोधा आणि प्रत्येक ठिकाणी दुसरी खूण लागते का पाहा. पासपोर्ट हमखास सुटतो: द्या-वा-[ती]-रि-[ओ] मु.

टप्पा ६: शब्दांतून वाक्यात

सुटे शब्द नीट जमले की नवशिक्या प्रत्येक शब्द ठोकत जातो आणि बोलणं ढोलताशासारखं होतं. बिनखुणेचे छोटे शब्द पुढच्या शब्दाला टेकवून भरभर म्हणायचे. 'माझं नाव अमुक, मी भारतातून आलोय':

मे-[ले]-ने अमुक, [ई]-मे आ-[पो] तिन्-इन्-[दी]-आ.

'मे' आणि 'तिन्' यांना स्वतःचा श्वास द्यायचा नाही. मात्र एका अक्षराचा असून वजन घेणारे काही शब्द आहेतच. त्यातला 'ने' म्हणजे 'हो', आणि आपल्या कानाला तो 'नाही'च्या गोतातला वाटतो. 'नाही'साठी [ओ]-खि.

स्वतःच्या नावाचा आघात आधीच ठरवा. ग्रीक कान प्रत्येक नावात एक सम शोधतोच. तुम्ही कुलकर्णी हे सगळी अक्षरं सपाट ठेवून म्हणालात तर तो स्वतःच कुठेतरी आघात लावेल आणि पुढे त्याच नावाने हाक मारेल. कुल्-[कार्]-नि असं ठरवून दरवेळी तसंच सांगा.

टप्पा ७: रंगीत तालीम

भेटीच्या दोन-तीन दिवस आधी पंचवीस वाक्यं एका दमात, कागद न बघता, फोनवर रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी, हातात लाल खुणांची वही घेऊन ऐका आणि चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारा. तेवढेच शब्द टप्पा ४ ला परत न्या. सगळी वाक्यं पुन्हा घोटू नका, बरोबर असलेली सैल पडतात.

ग्रीक ओळखीचं कुणी असेल तर त्याला 'माझा उच्चार कसा आहे' असं विचारू नका. छान आहे, असंच उत्तर येईल. त्याऐवजी टप्पा ३ मधल्या जोड्यांतला एक एक शब्द म्हणा आणि त्याला अर्थ सांगायला लावा. त्याने सफरचंद ओळखलं तर तुमचा आघात बरोबर.

समोरचा माणूस लारिसा शहराकडचा किंवा एकूण उत्तरेकडचा असेल, तर त्याच्या बोलीत आघात नसलेले इ आणि उ गळून गेलेले ऐकू येतील. घाबरू नका आणि नक्कलही करू नका. आघाताचं अक्षर त्याच्याकडेही जागेवरच असतं, त्यावरून शब्द पकडा.

प्रत्यक्ष बोलताना

समोरच्याला कळलं नाही, तर आपला पहिला उपाय म्हणजे तेच पुन्हा, मोठ्याने. त्याने चुकीचा आघात फक्त जास्त ऐकू जातो. आवाज तोच ठेवा, आघात हलवा. शब्द तीन अक्षरांपेक्षा मोठा असला तरी शक्य जागा तीनच, आणि एक तुम्ही वापरून झालात. दुसऱ्या जागेवरही जमलं नाही तर वस्तूकडे बोट दाखवा आणि विचारा: पोस् तो [ले]-ते? तुम्ही याला काय म्हणता? उत्तर आलं की तिथल्या तिथे एकदा मोठ्याने म्हणून घ्या, आणि रात्री तो शब्द कंसासकट वहीत चढवा.